डागडुजीचे थर

पोळा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. शहाद्याहून एक गृहस्थ माझ्याकडे नंदुरबारला आले. हातात मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली, तळहातावर मावेल एवढी एक गोल धातूची डबी. "आमच्या आबांचा फोनो आहे, त्याचं हे तोंड," ते म्हणाले. "दुरुस्त होतं का बघा. आबा चौऱ्याऐंशीचे झाले. त्यांना एकदा ऐकायचाय."

मी यंत्रज्ञ नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची. धुळ्याला होतो तेव्हा राजवाडे संशोधन मंडळात बसून जुने कागद पाहायची सवय लागली. एकदा भंगारात एक बिनकर्ण्याचा ग्रामोफोन मिळाला आणि मग कागदांबरोबर स्क्रू, स्प्रिंगा, तबकड्या घरात येऊ लागल्या. घरच्यांनी बरेच सोसले. आसपासच्या दोन-तीन तालुक्यांत कोणाच्या माळ्यावर फोनो सापडला की तो माझ्याकडे येतो, एवढीच माझी पात्रता.

त्या डबीला साउंडबॉक्स म्हणतात. ग्रामोफोनमधला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत आधी बिघडणारा भाग हाच. खालच्या टोकाला सुई बसते. सुई ज्या दांडीत बसते ती दांडी मधोमध एका धारेवर तोललेली असते, तराजूच्या दांडीसारखी. तबकडीच्या खाचेतून जाताना सुई डावी-उजवीकडे थरथरते, दांडीचे वरचे टोक उलट्या बाजूला थरथरते, आणि ते टोक एका पातळ पडद्याच्या मध्याला जोडलेले असते. पडदा हवा ढकलतो, हवा नळीतून कर्ण्यात जाते. वीज नाही, बॅटरी नाही. आवाज वाढवण्यासाठी बाहेरून काहीही मिळत नाही. त्यामुळे सुईच्या त्या सूक्ष्म हालचालीतला जो अंश वाटेत हरवला तो कायमचा हरवला. धारेवर गंज चढला, पडद्याच्या कडेने हवा निसटली, मध्यावरचा जोड जड झाला, की गाणाऱ्याचा गळा बसतो.

चिंधी सोडली आणि पहिला विचार मनात आला तो हा की माल नकली असावा. असा संशय आता येतोच. मुंबईच्या चोरबाजारात, दिल्लीत आणि आता घरबसल्या जे मोठ्या पितळी कर्ण्याचे 'अँटिक' ग्रामोफोन मिळतात, त्यांतले फार मोठे प्रमाण अलीकडे जुळवलेल्या यंत्रांचे आहे. खोके नवे, कर्णा नवा, आतली मोटर एखाद्या मोडक्या पोर्टेबलमधली, वर कुत्र्याच्या चित्राची पट्टी. परदेशातल्या संग्राहकांनी त्यांना एक असभ्य टोपणनावही ठेवले आहे, ते येथे लिहिता येणार नाही. या यंत्रांवर बसवायला साउंडबॉक्ससुद्धा नकली ओततात आणि नक्कल बहुतेक वेळा एकाच जातीची असते, ती म्हणजे 'एक्झिबिशन'. माझ्यापुढची डबी त्याच जातीची होती.

एक्झिबिशन हा साउंडबॉक्स अमेरिकेतल्या कॅम्डेनच्या एल्ड्रिज जॉन्सनच्या कारखान्यात घडत गेला. ग्रामोफोनची मूळ कल्पना एमिल बर्लिनरची, १८८७ च्या पेटंटची. पण बर्लिनरचे यंत्र हाताने फिरवावे लागे आणि आवाज कसाबसा निघे. त्याला स्प्रिंगची मोटर आणि बरा साउंडबॉक्स दिला जॉन्सनने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीच्या आणि लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या असंख्य यंत्रांवर एक्झिबिशन बसला. हिंदुस्थानात आलेल्या त्या काळच्या यंत्रांवरही तोच.

खरा आणि खोटा ओळखायला भिंग पुरते. अस्सल नगावरची अक्षरे दाबून उठवलेली, कडा धारदार. नकली नगावर ती ओतकामात आलेली असतात, साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी बोथट. मी भिंग लावले. कडा धारदार होत्या. डबी अस्सल होती. मात्र तिच्या अंगावर डागडुजीचे इतके थर होते की अस्सलपणा शोधावा लागत होता.

ही डागडुजी मी एका दिवसात उकरून टाकू शकलो असतो. तसे न करता आठ दिवस नुसती पाहत बसलो, याचे श्रेय राजवाडे मंडळातल्या सवयीला. जुन्या कागदावर मागाहून कोणी शेरा मारला, दुसऱ्या शाईने अक्षर गिरवले, तर आपण तो शेरा खोडत नाही. आधी त्याचा काळ ठरवतो. येथेही तेच करायचे होते. प्रत्येक थराचा फोटो काढला, वहीत आकृती काढली आणि वरून खाली उतरत गेलो.

सर्वांत वरचा थर दोन रसायने एकत्र मळून लावायच्या लांबीचा, आपण ज्याला सरसकट एम-सील म्हणतो त्याचा. साउंडबॉक्सच्या पाठीला एक कडे असते. ते रबरी चकतीवर तरंगते आणि नळीच्या टोकावर बसते. ते कडे चार ठिकाणी तडकले होते आणि पाण्याची टाकी बुजवावी तसे ते लांबीने बुजवले होते. लांबी रबरी चकतीवरही चढल्यामुळे जो भाग तरंगायला हवा तो दगडासारखा घट्ट झाला होता. पुढच्या बाजूला पडद्याच्या मध्यावर, जेथे मेणाचा मोहरीएवढा थेंब असायचा, तेथे अराल्डाइटचा वाटाण्याएवढा गोळा. हा थर विसाव्या शतकाच्या शेवटच्या भागातला. घरच्यांनीही दुजोरा दिला : आबांच्या धाकट्या भावाने घरीच केलेला उद्योग. त्यानंतर फोनो वाजला तो एकदाच, आणि वाजला म्हणण्यापेक्षा खरडला.

त्याखालचा थर मला अधिक रंजक वाटला. पडदा अभ्रकाचा होता. एक्झिबिशनचा पडदा अभ्रकाचाच असतो, व्यास साधारण पावणेदोन इंच, जाडी इंचाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पण मूळ पडदे एकसारखे गोल कापलेले असतात. हा कात्रीने कापलेला होता. गोलाऐवजी कित्येक बारीक सरळ कडांचा बहुकोन. उजेडापुढे धरल्यावर त्यावर फिकट तपकिरी समांतर पट्टे दिसले, इंचाच्या आठव्या भागाएवढ्या अंतरावर. कितीतरी वेळ मला त्यांचा अर्थ लागेना. मग रात्री वीज गेली असता एकदम उमगले. विजेच्या जुन्या इस्त्रीच्या आत अभ्रकाच्या पत्र्याभोवती तारेची पट्टी गुंडाळलेली असते. ती तापून तापून अभ्रकावर असेच डाग पडतात. कोणा कारागिराने जळालेल्या इस्त्रीचा एलिमेंट उकलून त्यातून हा पडदा कापला होता.

पडद्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी पोकळ रबरी नळीची कडी लागते. तेथे सायकलची वॉल्व्ह ट्यूब निघाली, कडक होऊन शेवयांसारखी मोडणारी. दांडीच्या दोन बाजूंना दोन बारीक स्प्रिंगा असतात, त्यांतली एक तुटलेली. तिच्या जागी झाळकाम केलेले होते. झाळ व्यवस्थित होती, ओघळ नव्हता, वर कानशीही फिरवली होती. सोनार किंवा घड्याळजी यांच्या हातची. आणि आतल्या कड्यावर सुईने कोरलेले एक अक्षर : 'ज', गुजराती वळणाचा.

घड्याळजी लोक घड्याळाच्या झाकणाच्या आतून अशी खूण करून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक परत आले की आपले काम ओळखू येते. नंदुरबारच्या बाजारात गुजराती वही-खाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नवापूर स्टेशनाचा फलाट तर अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. त्यामुळे गुजराती 'ज' पाहून मला नवल वाटले नाही, आनंद मात्र झाला. आबांना आठवत होते की ते सात-आठ वर्षांचे असताना, घरात लग्न निघाले होते म्हणून, त्यांच्या वडिलांनी 'तोंड' कोणाबरोबर तरी नंदुरबारला धाडले होते आणि ते लग्नाच्या आदल्या दिवशी परत आले होते. म्हणजे १९४८-४९ च्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा आबांच्या घरात वीज नव्हती. इस्त्री दुसऱ्याच कोणाची जळाली होती.

येथे थोडे मागे जायला हवे, कारण हे यंत्र तापीच्या उत्तरेला शहाद्यापर्यंत पोचलेच कसे हाही प्रश्न आहे. हिंदुस्थानातले पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग सामान घेऊन आला आणि हॉटेलच्या खोलीत कर्णा मांडून बसला. गौहरजानने गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगितले ते याच दौऱ्यात. त्या मुद्रणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून बोटीने परत आल्या. कलकत्त्यात छपाईचा कारखाना निघाला १९०८ साली. त्या आधीच मुंबईतही मुद्रणाचे दौरे झाले होते आणि मराठी, गुजराती तबकड्या बाजारात आल्या होत्या. इकडे आपल्या भागात एकोणिसावे शतक सरता सरता तापी व्हॅली रेल्वे आली आणि नंदुरबार थेट सुरतेला जोडले गेले. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, आपण पश्चिम खानदेशात गेलो, धुळे मुख्य ठाणे. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे कापसाला चांगला भाव मिळाला. आबांच्या आजोबांनी त्याच पैशातून सुरतेहून फोनो आणला, रेल्वेने नंदुरबारपर्यंत आणि पुढे बैलगाडीने तापी ओलांडून, असे घरात सांगतात. यंत्राचा काळ आणि कापसाचा काळ जुळतो, म्हणून ही हकीकत मी मान्य करतो.

यंत्र विलायती, पण त्याच्या पोटात काय होते ते पाहा. तबकडी लाखेची. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली राळ, आणि जगातल्या लाखेचा मुख्य पुरवठा हिंदुस्थानचा. पडदा अभ्रकाचा, आणि चांगल्या अभ्रकाच्या पत्र्यांसाठी जग पाहत होते कोडर्म्याकडे. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख आणि खाणीतले अभ्रक विलायतेत जाऊन यंत्र व तबकडी होऊन परत आले, दसपट भावाने. 'ज' कारागिराने इस्त्रीतले अभ्रक वापरले तेव्हा तो माल मूळच्या मालाचा सख्खा भाऊ होता. लोक ज्याला 'जुगाड' म्हणून हसतील ते काम पदार्थाच्या दृष्टीने बिनचूक होते. रबरी कड्यासाठी वॉल्व्ह ट्यूब घेणेही तसेच. आजही जगभरचे दुरुस्ती करणारे साधारण त्याच जाडीची पोकळ रबरी नळी वापरतात. चुकले ते झाळकाम. एका बाजूने दांडी झाळल्यामुळे ती डोलण्याऐवजी वाकत होती, आणि त्याचा हिशेब तबकड्यांना चुकवावा लागला.

आबांच्या घरी चौदा तबकड्या निघाल्या. बहुतेक १९५० च्या आसपासच्या सिनेमाच्या गाण्यांच्या, काही गुजराती, एक बालगंधर्वांची. आणि दोन केशवराव भोसल्यांच्या.

केशवराव १९२१ च्या ऑक्टोबरात गेले, जेमतेम एकतिसाव्या वर्षी. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी आणि बालगंधर्वांनी संयुक्त 'मानापमान' केले होते, ते मराठी रंगभूमीच्या दंतकथांत जमा आहे. मायक्रोफोन लावून विजेवर मुद्रण करण्याची पद्धत आली १९२५ साली. म्हणजे केशवरावांचा जो काही आवाज उरला आहे तो सगळा कर्ण्यात तोंड घालून गायलेला आहे, मायक्रोफोनच्या आधीचा. बालगंधर्वांना पुढे पुष्कळ वर्षे मिळाली, केशवरावांना मिळाली नाहीत. नाटकात 'वन्समोअर' घेत घेत लांबणारे पद दहा इंची तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत कोंबायचे, तेही कर्ण्यापासून किती अंतरावर उभे राहायचे हे साहेबाने सांगितल्यावर. तरीही जे उरले ते याच खाचांत.

त्या दोन तबकड्यांच्या खाचा करड्या पडल्या होत्या. नवी तबकडी काळी कुळकुळीत असते आणि तिच्यावर उजेड फिरतो. घासलेली तबकडी राखेसारखी दिसते. ग्रामोफोनची सुई खाचेवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकते. पुढच्या काळातल्या एलपीच्या पिकअपचा भार एक-दोन ग्रॅम असतो, यावरून कल्पना यावी. लाखेत दगडाची बारीक भुकटी मुद्दाम मिसळलेली असे, ती पोलादी सुईला पहिल्या काही फेऱ्यांत खाचेच्या आकाराची घासून घेई. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई. हा करार दांडी मोकळी डोलत असेल तरच चालतो. दांडी अडली की सुई खाचेबरोबर न हलता खाच कातरत जाते, आणि सर्वांत आधी जातात त्या बारीक थरथरी, म्हणजे तानेचा सगळा तलमपणा. एका लग्नासाठी केलेल्या घाईच्या दुरुस्तीने पुढची दहा-पंधरा वर्षे, दर सणाला, केशवराव थोडे थोडे कातरले गेले. आणि त्याच दुरुस्तीमुळे ते शहाद्याला ऐकूही आले. ती झाली नसती तर फोनो १९४८ लाच माळ्यावर गेला असता.

मी आबांच्या मुलाला पहिली गोष्ट ही सांगितली की केशवरावांच्या तबकड्या या यंत्रावर पुन्हा लावायच्या नाहीत, साउंडबॉक्स कितीही चांगला झाला तरी. त्या हलक्या विजेच्या पिकअपवर, जुन्या रुंद खाचेला जुळणारी सुई लावून, एकदाच वाजवून संगणकावर घ्यायच्या. ते पुढे मुंबईच्या एका संग्राहक मित्राकडे नेऊन केले. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था आहे, तिच्यामुळे असे जाणते हात मिळतात.

आता दुरुस्ती. पाठीचे कडे वाचणार नाही हे पहिल्याच दिवशी कळले होते. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव होते. त्या काळच्या अशा ओतकामात शिशाचा अंश राहून गेला असेल तर काही दशकांनी धातूच्या कणाकणांमधून झीज सुरू होते, वस्तू फुगते, तडकते, शेवटी भुगा होतो. त्याला इलाज नाही. अतिशुद्ध जस्त वापरून हा रोग टाळण्याची रीत १९२९ च्या सुमारास अमेरिकेत निघाली, तेव्हा हे कडे कधीच ओतून झाले होते. लांबी भरणाऱ्या धाकट्या भावाला मी मनातून दूषणे दिली होती, ती येथे मागे घेतो. तडे त्याने पाडले नव्हते.

नंदुरबारला लेथवर पाण्याच्या मोटरींची कामे करणारा एक तरुण आहे. त्याच्याकडे पितळेचा तुकडा आणि जुन्या कड्याचे माप घेऊन गेलो. त्याने ते हातात फिरवले आणि विचारले, "काका, हे किती आरपीएमला फिरतं?" म्हटले, हे फिरत नाही, हे गातं. तो हसला, पण माप असे धरले की दुसरा प्रयत्न करावा लागला नाही. पैसे घेताना मात्र त्याने मोटरीच्या बुशिंगचाच दर लावला.

झाळ उतरवायला दोन संध्याकाळी गेल्या. धारेवरचा गंज पितळी ब्रशने आणि रॉकेलने काढला. दोन नव्या स्प्रिंगा केल्या. रबरी कडी बदलली. मग सर्वांत नाजूक काम, दांडीचा समतोल. दांडीचे वरचे टोक पडद्याच्या मध्याला बारीक स्क्रूने जोडतात. तो स्क्रू लावण्याआधी दोन्ही स्प्रिंगांचे ताण असे जुळवायचे की टोक आपोआप पडद्याच्या भोकाशी येऊन थांबेल, पडद्याला ना ओढेल ना ढकलेल. केसभर ओढ राहिली तरी अभ्रक ताणले जाते आणि आवाज पिचतो. हे जमले की स्क्रू लावायचा आणि मेणाचा थेंब. मेण मला तोरणमाळच्या बाजूने आलेल्या मधाच्या पोळ्याचे मिळाले.

एवढे सगळे नीट झाले, आणि एक गोष्ट मी बिघडवली. इस्त्रीच्या अभ्रकावरचा अराल्डाइटचा गोळा काढून तोच पडदा पुन्हा बसवावा असा माझा विचार होता. अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवून गोळा मऊ झाला असे वाटले, म्हणून पाते घातले. अभ्रक म्हणजे पानांवर पाने. पात्याने गोळ्याबरोबर तीन-चार पाने उचलली गेली आणि पडदा मधोमध फाटला. पंचाहत्तर वर्षे टिकलेली वस्तू माझ्या हातात एका मिनिटात गेली. वहीत त्या तारखेपुढे मी फक्त 'पडदा फाटला' एवढे लिहिले आहे. त्या दिवशी दुसरे काही लिहवले नाही. मग नवा, एकसारखा गोल अभ्रकाचा पडदा मागवून बसवला. शास्त्राप्रमाणे तो अधिक चांगला होता.

दिवाळीच्या आधी साउंडबॉक्स घेऊन शहाद्याला गेलो. आबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. घरचे सगळे जमले. मी सिनेमातली एक झिजलेली तबकडी निवडली, नवी सुई लावली, चावी भरली. आवाज असा मोकळा आला की गल्लीतली पोरे दारात उभी राहिली. सारंगी वेगळी, तबला वेगळा. मला माझा अभिमान वाटला हे कबूल करतो.

आबांनी पूर्ण तबकडी ऐकली. सुई उचलल्यावर म्हणाले, "चांगलं वाजतं, भाऊ. पण हा आमचा फोनो नाही."

त्यांचा मुलगा ओशाळला. म्हणाला, आबांना आता ऐकू कमी येतं. पण आबांना म्हणायचे होते ते बरोबर होते. त्यांनी आयुष्यात अस्सल एक्झिबिशन ऐकलाच नव्हता, निदान आठवणाऱ्या वयात तरी नाही. त्यांनी ऐकला होता तो 'ज' कारागिराचा : इस्त्रीचे अभ्रक, वॉल्व्ह ट्यूब, एका बाजूने झाळलेली दांडी. किंचित दबका, किंचित नाकातला. वडील ज्या आवाजात डोळे मिटून बसत, आई ज्या आवाजावर भाकऱ्या थापायची, तो आवाज तो होता. मी १९२० सालचे यंत्र परत आणले होते आणि १९४९ सालचे पुसले होते. कोणते अस्सल हे ठरवण्याचा अधिकार मी न विचारताच घेतला होता. कागदांच्या बाबतीत ही चूक मी केली नसती. शेरा मारलेला कागद शेऱ्यासह जपतात, तो कोऱ्या प्रतीवर उतरवून मूळ फाडत नाहीत.

येथे त्या कुत्र्याच्या चित्राची आठवण होते. फ्रान्सिस बॅरॉडने आधी रंगवला होता तो नळकांड्याचा फोनोग्राफ. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घ्यायचे कबूल केले ते यंत्र बदलण्याच्या अटीवर, म्हणून त्याने त्याच कॅनव्हासवर फोनोग्राफ रंगाने झाकून ग्रामोफोन काढला. उजेड तिरका पडला की खालचे यंत्र अजून दिसते म्हणतात. बॅरॉडने निदान खालचा थर खरवडून काढला नव्हता.

दिवाळीनंतर मी मुंबईला गेलो तेव्हा चोरबाजारातून एक नकली एक्झिबिशन विकत घेतला, बोथट अक्षरांचा. दुकानदार तो शंभर वर्षांपूर्वीचा असल्याची शपथ घेत होता. मी म्हटले, मला नकलीच हवा आहे. त्यावर त्याने भाव कमी केला नाही. परत येऊन नंदुरबारच्या एका इस्त्री दुरुस्तीवाल्याकडून जुना जळका एलिमेंट मिळवला. वहीतली आकृती समोर ठेवून, फाटलेल्या पडद्याच्या मापाने, कात्रीने अभ्रक कापले. गोल काढण्याचा मोह टाळला. वॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानातून आणली. दांडी झाळण्याचे धैर्य झाले नाही, पण एका बाजूची स्प्रिंग इतकी कसली की परिणाम जवळजवळ तोच झाला.

मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेच्या गर्दीतून वाट काढत, पुन्हा शहाद्याला गेलो. तीच झिजलेली तबकडी लावली. घासायला तिच्यात आता फारसे उरले नव्हते. आबांनी दोन-चार ओळी ऐकल्या, हात वर करून मला थांबवले आणि आत हाक मारली, "अगं, ऐक, बाहेर ये." आजी पदराला हात पुसत दाराशी आल्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा फोनो वाजत होता.

घरच्यांनी आता दोन्ही साउंडबॉक्स ठेवले आहेत. नकली यंत्रावर बसलेला असतो. अस्सल त्याच मिठाईच्या खोक्यात, नव्या चिंधीत आहे. खोक्यात एक पाकीटही ठेवले आहे. त्यात लांबीचे तुकडे, झाळीचे दोन मणी, वॉल्व्ह ट्यूबचे कडक कडे, जस्ताचा भुगा आणि फाटलेले अभ्रक, प्रत्येकावर चिठ्ठी. आतल्या कड्यावरचा 'ज' मी पुसलेला नाही. पाकिटावर सगळा तपशील लिहिला आहे आणि पडद्याच्या चिठ्ठीवर कोणी फाडला तेही.